धनश्रीचे व्हिडिओ, माझी कात्री

भेस्तान, सुरत
शनिवार, १ नोव्हेंबर

धनश्री,

जावेला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद द्यायची पद्धत आहे. दिला असं समज आणि पुढे वाच.

तुझी चिठ्ठी आप्पांनी डब्याच्या पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. सासऱ्यांना पोस्टमन करायची हिंमत आपल्या घरात तुझ्याशिवाय कुणाला झाली नसती. श्रावणापासून तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस, तेव्हा उत्तरही कागदावरच घे. आप्पा दर रविवारी धाकट्या लेकाला भेटायला कामरेजला येतातच. त्यांच्या पिशवीत अजून एक कागद मावेल.

"ताई, एडिटिंग शिकवशील का?" एवढंच लिहिलं असतंस तरी चाललं असतं. पण तू सगळं लिहिलंस. रिंगरोडच्या शेठनी बारा साड्या दिल्यात, त्यांचे व्हिडिओ चालले तर कायमचं काम, आणि कायमचं झालं तर लखनभाऊजींना फॅक्टरीतली रात्रपाळी सोडता येईल, त्यांच्या छातीला ती मानवत नाही. म्हणजे मी नाही म्हटलं तर दिराच्या खोकल्याचं पाप माझ्या डोक्यावर. हुशार आहेस.

दोन वर्षं मी तुझे व्हिडिओ कापले. स्टँड नव्हता तेव्हा पिठाच्या डब्यावर मोबाइल उभा केला मी. तुझे "अं" आणि "म्हणजे ना" तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढले मी. तू मात्र साडी नेसून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "माय वं! हाई पदर ते देख!" आणि साऱ्या खानदेशातल्या बायका तुझ्या प्रेमात पडायच्या. कानबाईच्या मिरवणुकीत त्या बायकांनी तुला घेरलं. त्यातल्या एकीने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, आमचा धनश्रीताईसोबत एक फोटो काढा ना."

मावशी! अडतीस वर्षांची आहे मी. त्यानंतर मी भर रस्त्यात तुला जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. "तू नुसतं तोंड आहेस. माझ्या कात्रीशिवाय आठ दिवस टिकणार नाहीस." तू रडली नाहीस, गणपती बसायच्या आत बिऱ्हाड घेऊन कामरेजला गेलीस. चॅनेल तुझ्या नावावर, म्हणून चॅनेलही गेलं.

असो. शिकायचं तर शिक.

आधी मोबाइलची काच पूस, पण पदराने नको, जरीने ओरखडे पडतात. जुन्या सुती धोतराचा तुकडा आप्पांसोबत पाठवते. बोलताना पंखा बंद ठेव. घाम आला तर आपल्याला दिसतो, पंख्याचा आवाज मात्र हजार लोकांना ऐकू येतो. इअरफोनचा माइक ब्लाउजच्या आत न खुपसता बाहेर, काठाजवळ लाव. शूट झालं की लगेच कापायला बसू नकोस. सगळे तुकडे एकदा नुसते बघ, वाईट ते तिथेच पुसून टाक. नाहीतर मोबाइल भरतो आणि डोकंही. ॲप फुकटचंच घे. व्हिडिओच्या शेवटी ते स्वतःचा शिक्का चिकटवतं, तो तुकडा वेगळा असतो, बोटाने निवडून काढून टाकता येतो. एवढं कर आणि पहिला व्हिडिओ टाक.

नूतन


शनिवार, ८ नोव्हेंबर

धनश्री,

तुझा व्हिडिओ बघितला. किती वेळा ते विचारू नकोस.

मधेच तुझ्या कुकरची शिट्टी झाली. तू दचकलीस, हातातला पदर सुटला, आणि तू हसलीस. पुढे म्हणालीस, "थांब वं बाई, मनी दाळ उनी!" आणि चक्क उठून गॅस बंद करून आलीस. मोकळी खुर्ची पाच सेकंद तशीच दिसते आहे! मी असते तर शिट्टीपासून खुर्चीपर्यंत सगळं कापलं असतं. कसं कापलं हे कुणाला कळलंही नसतं.

तीन लाख लोकांनी बघितलं. आपला सगळ्यात चांगला चाललेला व्हिडिओ, म्हणजे मी कापलेला, चाळीस हजारांवर थांबला होता. खाली एकीने लिहिलंय, "ताई, आता तू खरी वाटतेस." आता म्हणजे काय? आधी मी तुला खोटी केली होती का?

यांनीही बघितला. मिलमधून आले, हातपाय न धुताच खाटेवर बसून हसत बघत राहिले. म्हणाले, "छान जमलं पोरीला." मी भाजीत दोनदा मीठ घातलं. एकदा चुकून आणि एकदा जाणूनबुजून.

आता तुझा प्रश्न. खोलीत ट्यूबलाइट आहे, साड्या निळसर आणि मेल्यासारख्या दिसतात, काय करू? सोपं आहे. ॲपमध्ये फिल्टरची ओळ असते, त्यात सोनेरी उन्हासारखा एक आहे. तो लाव, पूर्ण लाव, अर्धवट नको. एकदा लावलास की बाराच्या बारा व्हिडिओंना तोच लावायचा, म्हणजे सगळे एका घरचे दिसतात. साडी एकदम उठून दिसेल.

बाकीचंही लिहिते. पहिल्या तीन सेकंदांत "नमस्कार मैत्रिणींनो" नको, बोट वर सरकायच्या आत पदर दिसला पाहिजे. हात हलत असताना काप, हात थांबल्यावर नको. म्हणजे जोड दिसत नाही. अक्षरं अगदी खाली टाकू नकोस, तिथे बटणं येतात आणि साडीचा नंबर झाकला जातो. गाणं लावलंस तर तुझ्या आवाजाच्या खाली ठेव. घरात पाहुणे आले की टीव्ही लहान करतो ना, तेवढं.

नूतन


शनिवार, १५ नोव्हेंबर

धनश्री,

चिठ्ठी मिळाली. "ताई, फिल्टर लावल्यावर जरा जास्तच पिवळं वाटत नाही ना?" असं विचारलंयस.

नाही वाटत. मोबाइलवर साडी अशीच विकली जाते. दोन वर्षं मी हेच काम केलंय, उगाच शंका काढू नकोस.

वरची खोडलेली ओळ वाचायचा प्रयत्न करू नकोस. शाई सांडली होती.

आज जास्त लिहीत नाही, डोकं दुखतंय. शेठना व्हिडिओ पाठवताना मोठ्या आकारात पाठव, व्हॉट्सॲपवर थेट टाकलास तर तो दाबून पातळ करतो. कागदपत्रासारखा जोडून पाठव. शेठना आवडतंय असं आप्पा म्हणाले. म्हणाले, "धाकली सूनबाई नाव काढी." मी म्हटलं, "काढो बापडी."

नूतन


शनिवार, २९ नोव्हेंबर

धनश्री,

मागच्या रविवारी मी पत्र पाठवलं नाही. आज तुझी चिठ्ठी रविवारची वाट न बघता एक दिवस आधीच आली, तुमच्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या कुसुमबाईंच्या हाती. तीत पुन्हापुन्हा एकच प्रश्न आहे. "ताई, माझं काय चुकलं?"

काय झालं ते मला सगळं कळलंय. शिरपूरकडच्या एका लग्नघरानं तुझ्या व्हिडिओतली सात नंबरची साडी मागवली. तुझ्या-माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोण नाव-नंबर वाचतं? स्क्रीनशॉट मारतात आणि पाठवतात, "ही द्या." त्या मुलीच्या मामांना ती भाचीसाठी हवी होती. मामाची पिवळी, तीच नेसून नवरीला हळद लागते. मांडवात सगळ्या बायकांसमोर खोकं उघडलं आणि आतून निघाली मोतिया. जवळजवळ पांढरी. नवरीच्या अंगाला पांढरी! तिच्या आईनं ते खोकं तसंच दाखवून रडत रडत व्हिडिओ केला आणि तुझं नाव घेऊन शिव्या दिल्या. त्यामागोमाग बाकीच्याही साड्या परत यायला लागल्या. कुणी लाल म्हणून मागवली, निघाली राणी गुलाबी. कुणी हिरवी म्हणून मागवली, निघाली फिरोजी. शेठनी तुला बोलावून सांगितलं की काम बंद, तू गिऱ्हाइकांना फसवतेस.

तू लिहितेस, मोबाइलच हलका आहे, ट्यूबलाइटच वाईट आहे, मलाच नीट जमलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून स्वतःलाच टोचतेस. तुझं अंगण वाकडं नव्हतं, धनश्री. वाकडी मी होते.

तो फिल्टर रंग बदलतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी स्वतः एकदाही कुठल्या साडीला लावला नव्हता. आठवून बघ, मी शूट करायचे ते खिडकीपाशी, सकाळी दहानंतर, दिवा बंद करून. हे तुला मी लिहिलंच नाही. कारण तुझी ती कुकरची शिट्टी. मला तीन लाखांचं एवढं दुखलं नाही जेवढं त्या मोकळ्या खुर्चीचं दुखलं. लोक तुझी मोकळी खुर्चीसुद्धा बघत बसले. मग दोन वर्षं मी काय कापत होते? माझ्या हातातलं एकच कसब, तेही तुला नको होतं, उलट ते निघून गेल्यावर तू जास्त आवडलीस. मला वाटलं, एकदा तरी तुझी साडी वाईट दिसू दे. एकदा तरी लोकांनी म्हणू दे, आधीचेच बरे होते.

एवढंच वाटलं होतं. नवरी वगैरे माझ्या मनात नव्हतं. पण तू विचारलंस की जास्त पिवळं वाटत नाही ना, तेव्हा एक ओळ लिहून सगळं थांबवता आलं असतं. ती ओळ मी लिहिली होती. "दिवा बंद कर, फिल्टर काढ." मग खोडली. शाई सांडली नव्हती.

पकडलं मला यांनी. तू जाणतेस, यांची सगळी हयात सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये कापडाचे रंग जुळवण्यात गेली. त्या आईचा व्हिडिओ मी बघत होते, हे मागून आले, तुझा सात नंबरचा लावायला सांगितला आणि बघून म्हणाले, "ह्या मोतियाले हळद कुनी पाजी?" मी म्हटलं, तिनं फिल्टर लावला असेल. ते म्हणाले, "तिले कुनी सांगं?" मी उठून ताट वाढलं. ते तसेच उठून बाहेर गेले, जेवलेही नाहीत. सोळा वर्षांच्या संसारात माझ्या हातचं ताट त्यांनी पहिल्यांदा तसंच ठेवलं.

आप्पांना अजून माहीत नाही. हे पत्र त्यांच्याच पिशवीतून येतंय.

नूतन


शनिवार, ६ डिसेंबर

धनश्री,

मागच्या रविवारी आप्पा रिकाम्या हाताने आले. मी दोनदा पिशवी उलटी करून बघितली.

बुधवारी मी रिंगरोडला शेठकडे गेले. हे तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते, कारण त्यात माझ्या कौतुकाचंही आहे आणि ते मी लपवणार नाही.

दुकानात परत आलेल्या साड्यांची चळत होती. मी शेठना सांगितलं की व्हिडिओ तिने केले, पण रंग बिघडवायला मी सांगितलं, ती मला विचारूनच करत होती. ते म्हणाले, "बेन, फोटामां पीळी, खोखामां धोळी. हवे हुं शुं कहुं एने?" फोटोत पिवळी आणि खोक्यात पांढरी, आता गिऱ्हाइकाला काय सांगू, असं विचारत होते. मी म्हटलं, सांगा की मोठ्या जावेनं जळून केलं. त्यांना आधी कळेना. मग एवढ्या मोठ्याने हसले की बाहेर गाठोडी बांधणारे हमालही बघायला लागले. मला वाटलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं.

त्या मुलीसाठी शेठनी दुसरी पिवळी आधीच बसने पाठवली होती, ती हळदीच्या सकाळी पोचली. एवढा एक डोंगर माझ्या छातीवरून उतरला.

मग मी त्यांना माझ्या मोबाइलमधले आपले जुने व्हिडिओ दाखवले. खिडकीतले. त्यांनी व्हिडिओतल्यासारखीच एक साडी गठ्ठ्यातून काढली, मोबाइलशेजारी धरली, रंग तंतोतंत. ते म्हणाले, मग तुम्हीच करा ना बेन. समोर उभी राहायला कुणीही पोरगी मिळेल, चेहऱ्यांना तोटा नाही, हात पाहिजे.

हात पाहिजे! दोन वर्षं हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी जीव टाकत होते. मनात लाडू फुटले. खोटं का लिहू, घरी येताना रिक्षात बसून मी तुझी जागा घेतल्याचं पूर्ण चित्र रंगवलं होतं. दुसरी पोरगी तरी कशाला, मीच उभी राहीन, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. माझ्या लग्नातला शालू नेसले, खिडकीपाशी उभी राहिले, मोबाइल लावला. "नमस्कार," म्हणाले आणि पुढे काही सुचेना. साडीबद्दल बोलायला गेले तर रेशन दुकानावरची सूचना वाचून दाखवल्यासारखं झालं. हसायला गेले तर दाढ दुखत असल्यासारखं दिसलं. अकरा वेळा केलं. मग कापायला बसले, कारण कापायचं मला येतं. अडखळले ते कापलं, घाबरले ते कापलं, खोटं हसले ते कापलं. शेवटी चार सेकंद उरले आणि त्या चार सेकंदांतही मी बाजूला बघत होते.

तेव्हा मी शेठना फोन करून नाही म्हटलं. सांगितलं, ठेवायची तर धनश्रीलाच ठेवा. हे तुझ्यावरच्या मायेनं केलं असं समजू नकोस. मला जमलं असतं तर मी ते काम घेतलं असतं, आणि तुझ्याकडे बघायचं धाडस नसतं तरी घेतलं असतं. ते माझ्याच्याने झालं नाही म्हणून तुझं राहिलं.

शेठ म्हणतात, शुक्रवारपर्यंत बाराही साड्या पुन्हा शूट करून दे. रंग बरोबर आले तर काम तुझं, नाहीतर ते दुसरी बघतील. पाच दिवस आहेत.

म्हणून हे नीट वाच. ट्यूबलाइट बंद. सकाळी दहा ते बारा, खिडकीकडे तोंड करून उभी राहा, खिडकी पाठीमागे नको. साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद धर, मोबाइलच्या पडद्यावर त्या कागदावर बोट दाबून ठेव, कुलपाचं चित्र दिसेपर्यंत. कागद पडद्यावर पांढराच दिसला पाहिजे, निळा नाही, पिवळा नाही. मग कागद बाजूला ठेव आणि शूट कर. फिल्टर एकही नको. प्रत्येक व्हिडिओत रंगाचं नाव तोंडाने म्हण, मोतिया असेल तर मोतिया म्हण. आणि कुकरची शिट्टी झाली तर ती राहू दे.

आणि यातलं काहीही मी सांगते म्हणून खरं मानू नकोस. माझ्या शब्दावर तू एकदा गेलीस, परत जाऊ नकोस. साडी एका हातात धर, मोबाइल दुसऱ्या हातात, दारात उन्हात जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून बघ.

नूतन


रविवार, १४ डिसेंबर, सकाळी

धनश्री,

आप्पा चप्पल घालून दारात उभे आहेत, म्हणून घाईने लिहिते.

काल तुझे बाराही व्हिडिओ बघितले. यांनीही बघितले, एकेका साडीला थांबवून, आणि सातवी आल्यावर म्हणाले, "हाऊ शे मोतिया." काल ते माझ्यासमोर जेवले. चौथ्या व्हिडिओत तुझा पदर एका क्षणात डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो, जोड चुकलाय. बघून मला बरं वाटलं. एवढं तरी मला येतं आणि तुला नाही, असं मनात आलंच. शेठनी तुला ठेवून घेतल्याचं लखनभाऊजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी दुधावर नजर ठेवून उभी होते आणि तरी दूध उतू गेलं.

गुरुवारी त्यांच्याच हाती तू निरोप पाठवलास. भाऊजी सांगताना जमिनीकडे बघत होते. "वहिनी, ती म्हनस, पत्र आते पुरे. जे सांगनं शे ते मना तोंडवर सांग म्हना." पुढे तू काही म्हणालीस का, विचारलं. म्हणाले, नाही.

तीन दिवस हा निरोप मी उलटासुलटा करून बघितला. तू मला माफ केलंस असं त्यात कुठेही नाही. दार लावून घेतलंस असंही नाही. कागदावर मला सगळं जमतं, खोडता येतं, शाई सांडली म्हणता येतं. तोंडावर मी तुला मनातलं असं आजवर एकच वाक्य बोलले आहे, भर रस्त्यात, आणि ते तुला आठ दिवसही टिकू न देण्यासाठी होतं.

आप्पांना मी काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग ही पिशवी मी काबर उचलू? तूच चाल." म्हणून हे पत्र त्यांच्या पिशवीत नाही, माझ्या हातात आहे. तुझ्या दारात मला शब्द सुचला नाही तर हे तुला देईन, सुचला तर फाडून टाकीन.

मी कसला आव आणून येत नाही. त्या तीन लाखांचं अजून पोटात दुखतं, बस कामरेजला पोचेपर्यंतही दुखेल. पण येतेय. दार उघडलंस तर तुझी माफी मागेन, आणि मी अडखळले तरी मधे कापू नकोस.

नूतन